वाचकांचे प्रश्न : हिमवादळाकडे डोळे लावून बसलेली माणसे

उत्तर अमेरिकेतील हिवाळ्याविषयीच्या आमच्या मागील अंकातील लेखात, मोठ्या हिमवादळाचा इशारा निघाला की स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारे एक-दोन माणसांचे वाहन, चालवणाऱ्यांना आनंदाचे भरते येते, असे एक वाक्य होते. वाचकांची बहुतेक पत्रे त्या एका वाक्यावरच आली आहेत. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले असून एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी व्हरमाँट राज्यात नोकरी करते. मागच्या जानेवारीत हिमवादळाचा इशारा मिळाला तेव्हा ती घरात सामान भरून ठेवण्याच्या धावपळीत होती. तिचे दोन सहकारी मात्र दर दोन तासांनी मोबाइलवर अंदाज पाहून खूश होत होते, कारण दोघेही स्नोमोबाइल चालवतात. बर्फ तर तेथे आठवडाभर आधीपासून अंगणात पडलेलाच होता. मग त्यांना आणखी वादळ कशाला हवे होते?

उत्तर : अंगणात दिसणारा बर्फ आणि स्नोमोबाइलला पुरणारा बर्फ यांत फार तफावत असते. चार-सहा इंचांचा थर डोळ्यांना भरपूर वाटतो, परंतु त्याखाली गवत, दगड, झाडांची मुळे आणि उघडी माती असते, आणि दोनशे किलोंहून जड यंत्र त्यावरून गेले की पहिल्या काही फेऱ्यांतच तो दबून जमिनीला टेकतो.

यंत्राची रचना थोडी समजून घेतली तर या मंडळींची अधीरता लगेच उलगडते. स्नोमोबाइलला पुढे दोन स्की, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांब फळ्या, असतात आणि मागे रबराचा रुंद, अखंड फिरणारा पट्टा असतो. हा पट्टा आतल्या बाजूने धातूच्या दोन समांतर दांड्यांवरून सरकतो आणि त्या दांड्यांच्या तळाशी प्लास्टिकच्या लांब पट्ट्या बसवलेल्या असतात, ज्यांना चालक हायफॅक्स म्हणतात. हायफॅक्सला तेल किंवा ग्रीस लावत नाहीत. पट्टा फिरताना आत उडणारा मऊ बर्फ वितळून जे पाणी होते, तेच त्याचे वंगण. बर्फ विरळ असला किंवा ट्रेल, म्हणजे स्नोमोबाइलसाठी राखलेली वाट, गोठून टणक झाला असला, तर थोड्याच अंतरात हे प्लास्टिक तापून मऊ पडते, पट्ट्याच्या धातूच्या कड्यांवर माखू लागते आणि जळका वास चालकाच्या हेल्मेटपर्यंत पोहोचतो. इंजिनाचीही हीच कथा आहे. द्रवाने थंड होणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेकांत मोटारीसारखा पुढे बसवलेला रेडिएटर नसतो. कूलंट पट्ट्याच्या वरच्या भागात बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या कप्प्यांतून फिरते आणि पट्ट्याने उडवलेला बर्फ त्या कप्प्यांवर आपटून त्याला थंड करतो. बर्फ उडाला नाही की इंजिन तापते आणि समोर इशाऱ्याचा दिवा लागतो. टणक ट्रेलवर निभावून नेण्यासाठी पुष्कळ जण दांड्यांना स्प्रिंगच्या पोलादाच्या वाकड्या सळया लावतात, ज्या खालचा बर्फ खरवडून पट्ट्यात भिरकावत राहतात. त्याने वेळ निभावते, एवढेच. मुबलक ताज्या बर्फाची सर त्याला येत नाही.

यंत्रापेक्षा मोठी अडचण मार्गाची असते. स्नोमोबाइलचे ट्रेल एका दिवसाच्या रहदारीनेच उखडतात, कारण प्रत्येक यंत्र वेग घेताना आणि कमी करताना थोडा बर्फ मागे-पुढे ढकलते आणि त्यातून गुडघाभर उंचवट्यांच्या रांगा तयार होतात. त्या सपाट करण्यासाठी रात्री ग्रूमर फिरतो. ग्रूमर म्हणजे पट्ट्यांवर चालणारे, ट्रॅक्टरसारखे वाहन. त्याच्यामागे ड्रॅग नावाचे लांब, जड अवजार जोडलेले असते. ड्रॅगची पाती उंचवटे कापतात, कापलेला बर्फ ढवळून एकजीव करतात आणि शेवटी सपाट तळ तो दाबून बसवतो. त्यानंतर तो काही तास थंडीत तसाच राहू द्यावा लागतो. नुकत्याच घातलेल्या कोब्यावर पाय ठेवू नये, त्याप्रमाणे ग्रूमरच्या पाठोपाठ यंत्र दामटणाऱ्याकडे बाकीचे चालक रागानेच पाहतात. आता, पाती कापणार काय आणि दाबणार काय, याचा विचार करावा. खाली पुरेसा थर नसेल तर ती दगड आणि माती उचलतात, ड्रॅग मोडतो आणि शेतमालकाच्या जमिनीचे नुकसान होते. म्हणून बर्फ दिसत असूनही ट्रेलचे फाटक बंद असते.

यामुळे जाणत्या चालकाला कुठलेही मोठे वादळ चालत नाही. ते योग्य क्रमाने यावे लागते. आधी बर्फाविना कडाक्याची थंडी हवी. ट्रेल दलदली, ओढे आणि शेते ओलांडून जातात. बर्फ उत्तम उष्णतारोधक असल्यामुळे न गोठलेल्या दलदलीवर दोन फूट बर्फ पडला, तर खालचा चिखल कित्येक आठवडे गोठत नाही आणि ग्रूमर त्यात रुततो. थंडीने जमीन कडक झाल्यावर ओला, जड बर्फ हवा, जो दबून पाया धरतो. त्यानंतर मोठे वादळ आले तर त्या पायावर महिनाभर पुरेल एवढा साठा जमा होतो, आणि वादळापाठोपाठ पुन्हा थंडी टिकली पाहिजे, पाऊस येता कामा नये. आपल्या मुलीच्या सहकाऱ्यांना बहुधा थंडी आणि पाया दोन्ही मिळाले असावेत. उरलेल्या गोष्टीसाठी ते मोबाइलला चिकटून बसले होते.

प्रश्न : एका ओळखीच्या कुटुंबाने आठवडाभर आधी 'दोन फूट बर्फ' असा नकाशा पाहून सुट्टी काढली आणि प्रत्यक्षात पाऊस पडला. एवढे उपग्रह असताना असे का होते? आणि ही मंडळी दिवसातून चार-चार वेळा नेमके काय पाहतात?

उत्तर : 'चार वेळा' हा आकडा आपण सहज लिहिला असेल, पण तो अचूक आहे. अमेरिकेच्या हवामान खात्याचे जीएफएस हे संगणकीय मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालवले जाते आणि दर वेळी बर्फाचा नवा नकाशा बाहेर पडतो. त्याच्या जोडीला युरोपीय हवामान केंद्राचे मॉडेल असते. वादळ जवळ येत असले की उत्साही मंडळींची झोपण्या-उठण्याची वेळही या नकाशांवर ठरते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या परिचितांनी पाहिलेला नकाशा खोटा नव्हता; तो फार लवकरचा होता. ईशान्य अमेरिकेत सात दिवसांनी येणारे वादळ आज बहुधा प्रशांत महासागरावरील वरच्या हवेतली एक क्षीण हालचाल असते. समुद्रावर प्रत्यक्ष मोजमापे विरळ असतात आणि उपग्रह सगळी कसर भरून काढू शकत नाहीत. ती हालचाल पश्चिम किनाऱ्यावर आली, आणि जमिनीवरील केंद्रांतून दिवसातून दोनदा सोडल्या जाणाऱ्या फुग्यांच्या टप्प्यात सापडली, की अंदाजाला बळकटी येते. शिवाय एकच मॉडेल सुरुवातीच्या नोंदींत बारीक फेरफार करून अनेक वेळा चालवतात. त्यांतील बहुतेक उत्तरे एकमेकांशी जुळली तर विश्वास ठेवावा. ती विखुरलेली असतील तर 'दोन फूट' हे अनेक शक्यतांपैकी एक असते. दुर्दैवाने लोकांच्या मोबाइलवर फिरत राहतो तो नेहमी सर्वाधिक बर्फ दाखवणारा नकाशा.

यात किनाऱ्यालगतच्या वादळांची खोड वेगळीच आहे. अटलांटिक किनाऱ्याने उत्तरेकडे सरकणारी ही वादळे किनाऱ्यावर ईशान्येचे वारे घेऊन येतात, म्हणून त्यांना नॉरईस्टर म्हणतात. हवामानाचे अभ्यासक ४० अंश उत्तर अक्षांश आणि ७० अंश पश्चिम रेखांश हा समुद्रातील बिंदू खुणेचा मानतात. वादळाचे केंद्र त्याच्या जवळून गेले तर बॉस्टनसारख्या किनारी शहरांना भरपूर बर्फ मिळण्याचा संभव असतो. ते किनाऱ्याला घासून गेले तर समुद्रावरची ऊबदार हवा आत शिरून शहरांत पाऊस पडतो आणि बर्फाचा पट्टा आतल्या डोंगराळ भागाकडे, म्हणजे स्नोमोबाइलवाल्यांच्या हक्काच्या प्रदेशात सरकतो. ते फार बाहेरून गेले तर सगळ्यांचीच निराशा होते. केंद्र शंभर किलोमीटर इकडे-तिकडे झाले तरी उत्तर बदलते. त्यातच जमिनीपासून दीड-दोन किलोमीटर उंचीवर शून्याहून एखाद-दोन अंश अधिक तापमानाचा पातळ थर घुसला, तर खाली कडाक्याची थंडी असूनही बर्फाऐवजी गारगोट्यांसारखे कण किंवा जमिनीवर पडताच गोठणारा पाऊस मिळतो. हा गोठणारा पाऊस चालकांना साध्या पावसाहूनही नकोसा असतो, कारण त्याच्या भाराने फांद्या आणि अख्खी झाडे ट्रेलवर आडवी होतात.

जानेवारी २०१५ अखेरचे वादळ याचे बोलके उदाहरण आहे. न्यू यॉर्क शहराला दोन फुटांच्या आसपास बर्फाचा इशारा देऊन भुयारी रेल्वेसुद्धा बंद ठेवण्यात आली. सेंट्रल पार्कमध्ये प्रत्यक्षात ९.८ इंच पडला. त्याच वादळाने मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर शहरावर ३४.५ इंच ओतला. अंदाज चुकला, असे न्यू यॉर्ककर म्हणाले. वुस्टरमधल्या कोणाची तशी तक्रार असण्याचे कारण नव्हते. एकूण, सात दिवस आधीच्या नकाशावर सुट्टी काढू नये. तीन दिवस आधी सामानाची यादी करावी आणि आदल्या दिवशीच मोटारीमागच्या ट्रेलरवर यंत्र चढवावे.

प्रश्न : एक इंच पाऊस म्हणजे किती इंच बर्फ? आणि बर्फ नेमका मोजतात कसा?

उत्तर : ढोबळ हिशेब एकास दहा असा सांगतात. गोठणबिंदूच्या आसपास पडणाऱ्या ओल्या बर्फात हे प्रमाण एकास पाचपर्यंत उतरते, तर कोरड्या थंडीतल्या हलक्या बर्फात एकास वीस किंवा त्याहून वर जाते. ढगात उणे १२ ते उणे १८ अंशांच्या थरात भरपूर ओलावा असेल तर फांद्याफांद्यांचे मोठे स्फटिक वाढतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि थर झपाट्याने फुगतो. हा फुगलेला बर्फ छायाचित्रात सुंदर दिसतो, परंतु वीस इंच हलका बर्फ ग्रूमरखाली चार-पाच इंचांवर येतो. म्हणून ट्रेलची निगा राखणारे लोक इंचांपेक्षा त्यातील पाण्याची चौकशी अधिक करतात.

मोजण्यासाठी पांढऱ्या रंगाची सपाट फळी उघड्यावर ठेवतात, ठराविक तासांनी तिच्यावरचा थर मोजून ती पुसून घेतात आणि या नोंदींची बेरीज करतात. बर्फ स्वतःच्या भाराने बसत जातो, त्यामुळे फळी जितक्या वेळा पुसावी तितकी बेरीज वाढते. म्हणून दोन नोंदींमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवण्याचा दंडक आहे. या दंडकाने एक विक्रम हिरावला आहे. ११ आणि १२ जानेवारी १९९७ रोजी न्यू यॉर्क राज्यातील माँटेग्यू येथे २४ तासांत ७७ इंचांची नोंद झाली. ती मान्य झाली असती तर १९२१ च्या एप्रिलमध्ये कोलोराडोतील सिल्व्हर लेक येथे नोंदला गेलेला सुमारे ७६ इंचांचा राष्ट्रीय विक्रम मोडला असता. परंतु तपास समितीला मोजमापे नियमाहून अधिक वेळा घेतल्याचे आढळले आणि ती नोंद विक्रम म्हणून नाकारली गेली. बर्फ मात्र तेवढा पडला होताच, आणि तेथील चालकांना समितीच्या निकालाने काही फरक पडला नसावा.

प्रश्न : हे माँटेग्यू कोठे आहे? एका गावात एवढा बर्फ आणि काही मैलांवर ऊन, असे कसे होऊ शकते?

उत्तर : माँटेग्यू हे ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्वेला असलेल्या टग हिल नावाच्या पठारावर आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला कॅनडातून येणारी अतिथंड, कोरडी हवा अजून न गोठलेल्या सरोवराच्या पाण्यावरून वाहते, खालून ऊब आणि ओलावा उचलते, अस्थिर होऊन वर चढते आणि पलीकडच्या काठावर ओझे टाकते. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरील हवा यांच्या तापमानात साधारण १३ अंश सेल्सियसचा फरक पडला की हे चक्र जोर धरते. वारा सरोवराच्या लांबीला समांतर असेल तर हवेचा पाण्यावरचा प्रवास सर्वाधिक होतो आणि बर्फाचा एकच अरुंद, घट्ट पट्टा तयार होतो. पट्ट्याखाली तासाला तीन-चार इंच बर्फ कोसळत असतो आणि पंधरा-वीस किलोमीटर बाजूला आकाश निरभ्र असते. टग हिल सुमारे दोन हजार फूट उंच असल्यामुळे ही हवा तेथे आणखी वर रेटली जाते. पठारावरील हूकर या ठिकाणी १९७६-७७ च्या हिवाळ्यात ४६६.९ इंच बर्फाची नोंद आहे.

सरोवराची खोली येथे निर्णायक ठरते. ईरी सरोवर कमाल ६४ मीटर खोल, सरासरीने तर फारच उथळ; ते पुष्कळदा जानेवारी-फेब्रुवारीत गोठते आणि त्याच्या काठचा हा कारखाना थंडावतो. ऑन्टारिओ २४४ मीटर खोल असून ते पूर्ण गोठणे अपवादात्मक आहे. त्यामुळे बाकी सगळीकडे कोरडे असताना आजूबाजूच्या राज्यांतील चालक ट्रेलर जोडून टग हिलकडे निघतात. मिशिगन राज्याचा सुपीरियर सरोवरात घुसलेला कीविनॉ द्वीपकल्प ही त्याच जातीची दुसरी जागा.

प्रश्न : वादळात लोकांची घरे अंधारात जातात, माणसे दगावतात. अशा संकटाची वाट पाहणे असंवेदनशीलपणाचे नाही काय?

उत्तर : पत्रातील रोष समजण्याजोगा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील बफलो शहर आणि परिसरात हिमवादळाने चाळीसहून अधिक बळी घेतले. कोणाचा मृत्यू अडकलेल्या मोटारीत झाला, कोणाचा गारठलेल्या घरात. अशा वेळी आनंदाचा उच्चारही खटकतो.

तरीही दोन गोष्टी नमूद कराव्या लागतील. कोणाच्या इच्छेने वादळ येत नाही आणि कोणाच्या शापाने ते टळत नाही. शाळेला सुट्टी मिळावी म्हणून अमेरिकेतली मुले रात्री पायजमा उलटा घालून झोपतात, त्याइतकाच चालकांच्या नवसांचा हवेवर परिणाम होतो. दुसरे असे की उत्तरेकडील अनेक लहान गावांची हिवाळ्यातील मिळकत याच लोकांवर अवलंबून असते. पेट्रोल पंप, खाणावळ, लॉज, दुरुस्तीचे दुकान यांचे चार महिन्यांचे उत्पन्न जमिनीवरील बर्फावर ठरते. तेथील खाणावळवाली वादळाची वाट पाहते, तेव्हा तिला असंवेदनशील म्हणणे आम्हाला पटत नाही. आनंद मानणे वेगळे आणि प्रवासबंदी असताना ट्रेलर घेऊन महामार्गावर उतरणे वेगळे. असे महामार्गावर उतरणे निखालस चूक आहे, कारण अडकलेल्याला काढायला गेलेल्या माणसाचाही जीव त्यात पणाला लागतो.

प्रश्न : वादळ थांबताच निघण्यात धोका कोणता?

उत्तर : भूप्रदेशाप्रमाणे धोका बदलतो. पूर्वेकडील जंगलांत पडलेली झाडे, बर्फाखाली लपलेल्या तारा आणि बुजलेल्या खुणा हा मुख्य त्रास असतो. ट्रेलची निगा राखणाऱ्या स्थानिक क्लबचे लोक करवत घेऊन एक फेरी मारेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

सरोवरांवर मोठ्या वादळानंतर फसगत होते. मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शनानुसार स्नोमोबाइलसाठी किमान सहा ते सात इंच जाडीचा, पारदर्शक, नवा बर्फ हवा, आणि पांढरट बर्फ असेल तर ही जाडी दुप्पट धरावी. वादळाने त्यावर दोन फुटांचे पांघरूण घातले की थंडी खालपर्यंत पोहोचत नाही व जाडी वाढणे मंदावते. शिवाय त्या भाराने बर्फाची लादी खाली दबते, भेगांतून पाणी वर येते आणि पांघरुणाखाली चिखलासारखा गारठलेला रबडा साचतो. वरून सारे पांढरेशुभ्र दिसते. पट्टा त्यात अडकला, यंत्र थांबले आणि रात्र झाली तर सकाळी ते लादीत गोठलेले सापडते.

पश्चिमेकडील पर्वतांत, म्हणजे कोलोराडो, युटा, आयडाहो, माँटाना या राज्यांत, खरा शत्रू हिमस्खलन आहे. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर नव्या बर्फाचा भार जुन्या कमकुवत थराला सोसत नाही आणि एका यंत्राच्या वजनाने अख्खा उतार सुटतो. वादळ चालू असताना आणि त्यानंतरच्या २४ तासांत हा धोका सर्वाधिक असतो, आणि नेमके त्याच वेळी अस्पर्श उतार चालकाला खुणावत असतो. दबलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच वाचण्याची आशा चांगली असते; मदत पथक तेवढ्यात पोहोचत नाही, त्यामुळे दबलेल्याचा ठाव सांगणारे शोधयंत्र, बर्फात खुपसून पाहण्याची लांब सळई आणि फावडे प्रत्येकाच्या अंगावर हवे. उतारावर एका वेळी एकच जण जावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवावी. कोणी अडकला तर मित्राने धावत वर जाऊन मदत करण्याचा मोह आवरावा. दुसऱ्या यंत्राचा भार त्याच उतारावर पडतो आणि दोघेही जातात.

प्रश्न : बर्फ पडल्यावर ट्रेल लगेच का उघडत नाहीत? हे ट्रेल सरकारी असतात का?

उत्तर : काही असतात, परंतु ईशान्येकडील पुष्कळसे नसतात. मेन राज्यातील सुमारे १४,००० मैलांच्या जाळ्यापैकी जवळपास ९५ टक्के मार्ग खाजगी जमिनीवरून जातो. शेतकरी आणि जंगलमालक हिवाळ्यापुरती वाट देतात. गावोगावचे क्लब पूल बांधतात, फलक लावतात, ग्रूमर चालवतात, आणि त्यातील बहुतेक काम स्वयंसेवक करतात. एका उतावळ्याने बंद ट्रेलवरून जाऊन उगवलेले पीक किंवा कोवळी रोपे चिरडली, तर मालक पुढच्या वर्षी वाट नाकारतो आणि त्या एका शेतामुळे वीस मैलांचा मार्ग तुटतो. म्हणून क्लब घाई करत नाहीत. याशिवाय काही राज्यांत हंगामाच्या तारखा ठरलेल्या आहेत. व्हरमाँटचे ट्रेल १६ डिसेंबर ते १५ एप्रिल आणि मिशिगनचे १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळातच वापरता येतात. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत दोन फूट बर्फ पडला तरी तो खिडकीतून पाहावा लागतो.

प्रश्न : हे वाहन खेळासाठीच बनवले गेले काय?

उत्तर : नाही. क्वेबेकमधील व्हालकूर गावचे जोसेफ-आर्मांद बॉम्बार्डिए यांनी १९२२ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, मोटारीचे इंजिन आणि पंखा जोडून बर्फावर चालणारे पहिले वाहन बनवले. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटातील संसर्गाने दगावला. बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही. १९३७ मध्ये त्यांना पट्टा आणि दातेरी चाकाच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि सात प्रवासी नेणारी बर्फावरची गाडी विकली जाऊ लागली. ती डॉक्टर, टपाल खाते व शाळा यांच्या उपयोगी पडली. पुढे १९४८ मध्ये क्वेबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ हटवण्याचा कायदा केला आणि या मोठ्या गाड्यांची मागणी कोसळली. धंदा वेगळ्या दिशेने न्यावा लागला, आणि १९५९ मध्ये स्की-डू हे एक-दोन माणसांचे हलके यंत्र बाजारात आले. रस्ते बर्फमुक्त झाल्यामुळे बर्फ शोधत हिंडणाऱ्यांचा छंद वाढीला लागला, हा इतिहासातला विनोदच म्हणायचा.

प्रश्न : बर्फ पडलाच नाही तर? स्कीच्या उतारांप्रमाणे कृत्रिम बर्फ करता येत नाही का?

उत्तर : स्कीचा उतार मोजक्या जागेत असतो आणि त्याच्या कडेने पाण्याचे नळ टाकता येतात, शेकडो मैलांच्या रानवाटांवर ते शक्य नाही. २०२३-२४ चा हिवाळा अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नोंदींच्या इतिहासातील सर्वांत उबदार ठरला आणि मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगनमधील कित्येक ट्रेल जेमतेम काही दिवस उघडले किंवा उघडलेच नाहीत. मोठ्या वादळाची ओढ अलीकडे तीव्र झाली आहे, तिचे कारण आमच्या मते येथे आहे: लहान-लहान हिमवृष्टींनी थर हळूहळू वाढवत नेणारा हिवाळा बेभरवशाचा झाल्यावर लोक एका दणक्यात हंगाम पदरात पडावा अशी आशा करू लागतात. तसे वादळ आले तरी पुढच्या आठवड्यात चाळीस अंश फॅरेनहाइटचा पाऊस ते धुऊन नेऊ शकतो, ही धाकधूक त्यांच्या आनंदात कायम मिसळलेली असते.

प्रश्न : आम्ही फेब्रुवारीत मुलाकडे न्यू हॅम्पशायरला जात आहोत. एकदा हा अनुभव घ्यावा असे वाटते. वादळाच्या दिवसाचेच आरक्षण करावे काय?

उत्तर : वादळाच्या दिवशी घरात थांबावे. दिसत काही नाही, ट्रेल सपाट केलेले नसतात आणि गुडघाभर सैल बर्फात नवख्याचे यंत्र वळणावर कलंडते. वादळ संपल्यानंतर एक-दोन थंड रात्री ग्रूमर फिरला की मार्ग उत्तम होतो. तेव्हा आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी लवकर निघावे, कारण शनिवारी दुपारपर्यंत त्याच मार्गावर उंचवटे उठतात आणि पाठीची परीक्षा होते. फेब्रुवारीतला राष्ट्राध्यक्ष दिनाचा आठवडा शाळांच्या सुट्टीमुळे गर्दीचा असतो, तो टाळता आला तर टाळावा.

पहिल्या वेळी मार्गदर्शकासह जाणारी तास-दोन तासांची फेरी पुरेशी आहे. हेल्मेट तेथे मिळते, बाहेरचा जाड पोशाखही बहुधा मिळतो. आतले कपडे मात्र आपले असतात आणि ते सुती नसावेत, कारण घामाने भिजलेले सुती कापड वाऱ्यात अंग गारठवते. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे आतले कपडे आणि सैल बसणारे बूट घ्यावेत. यंत्राच्या मुठी गरम होतात, त्यामुळे हातमोज्यांची फार चिंता नको. पाठीचे किंवा मानेचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलाला स्थानिक क्लबच्या ट्रेलची स्थिती पाहायला सांगावे, आणि बर्फाअभावी पैसे परत मिळतील अशी अट असेल तेथेच आरक्षण करावे.